बांटू ही जमात नाही, आणि फोटोतले लोक तर बांटूसुद्धा नाहीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला आफ्रिकेवरचा पानभर लेख वाचला. मराठी पेपरात आफ्रिकेवर पानभर काही येतं तेच मुळात कधीतरी, आणि तेही बहुतेक वेळा सफारी टूरच्या जाहिरातीच्या शेजारी, त्यामुळे आधी खूश झालो, चहा गार होईपर्यंत वाचत बसलो, आणि अर्ध्यावर आल्यावर डोकं तापायला लागलं. लेखाचं म्हणणं थोडक्यात असं की बांटू नावाची एक लढाऊ जमात होती, तिने लोखंडी भाल्यांच्या जोरावर अर्धी आफ्रिका पादाक्रांत केली, मूळच्या लोकांना हुसकावून लावलं आणि आपली भाषा सगळीकडे लादली. वर फोटो कुणाचा, तर मसाई लोकांचा! लाल शुका अंगावर, हातात काठ्या, उंच उड्या मारताहेत, आणि खाली ओळ छापलीय की हे बांटू योद्धे.

मी काही प्राध्यापक नाही, हिशेबनीस माणूस. घायपाताच्या धंद्यात टांझानियाला टांग्यात (शहराचं नाव टांगा, आपला घोड्याचा नव्हे) सहा वर्षं काढली, मग मलावीत ब्लँटायरला पाच. रिटायर झाल्यावर वेळच वेळ, त्यामुळे तिकडे असताना जे नुसतं कानावर पडत होतं त्याबद्दल आता मिळेल ते वाचत असतो. तेव्हा चुकलंमाकलं तर सांगा, पण हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे बांटू ही जमात नाही हो. ते भाषांच्या एका कुळाचं नाव आहे. केपटाऊनला राहणारा विल्हेल्म ब्लीक नावाचा जर्मन भाषापंडित होता, त्याने १८६२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या भाषांचं तुलनात्मक व्याकरण लिहिताना हे नाव रूढ केलं, कारण या सगळ्या भाषांत माणसं या अर्थाचा शब्द एकाच साच्यातला निघतो. झुलूत एक माणूस उमुंटू आणि अनेक माणसं अबांटू, स्वाहिलीत म्टू आणि वाटू, शोनात मुन्हू आणि वान्हू, आमच्या ब्लँटायरच्या चिचेवात मुंथू आणि आंथू, काँगोतल्या लिंगालात मोटो आणि बाटो. म्हणजे बांटू म्हणजे नुसतं "माणसं". अशा भाषा आज ५०० च्या आसपास आहेत, भाषा कुठली आणि बोली कुठली यावर आकडा कमीजास्त होतो, आणि कॅमेरूनपासून केनियापर्यंत आणि खाली थेट दक्षिण आफ्रिकेच्या टोकाकडे कोट्यवधी लोक त्या बोलतात. दक्षिण आफ्रिकेच्या घटनेत ज्या अकरा भाषांना राजभाषेचा दर्जा मिळाला त्यातल्या नऊ बांटू आहेत. या सगळ्यांना एक जमात म्हणायचं तर मग मराठी, बंगाली, पंजाबी बोलणारे आपण सगळेही एकच जमात!

आणि मसाई? त्यांची भाषा मा, ती नायलॉटिक म्हणजे नाईलच्या बाजूच्या भाषांच्या गटातली, बांटूशी तिचा काही संबंध नाही. केनिया-टांझानियात शेजारी राहतात, बाजारहाट एकत्र करतात, लग्नंही होतात, पण भाषेचं कूळ वेगळं. तमिळ माणसाचा फोटो छापून खाली हे बघा मराठे असं लिहिण्यासारखं झालं ते.

आता ही भाषा पसरली कशी. लेखात बाण काढलेला नकाशा आहे, एक जाडजूड लाल बाण कॅमेरूनमधून निघून सरळ डर्बनपर्यंत, जणू काही फौज निघाली होती. सुरुवातीची जागा मात्र बरोबर दाखवलीय, नायजेरिया-कॅमेरूनच्या सीमेवरचा डोंगराळ गवताळ भाग. तीच जागा का, ते लेखात नाही, आणि मला सगळ्यात मजेशीर वाटतं ते तेच. १९६० च्या दशकात यावरून दोन पंडितांचं चांगलंच वाजलं होतं. लंडनचा माल्कम गथ्री म्हणायचा की मूळस्थान खाली काँगोच्या कटांगाकडे, कारण जुने समान शब्द तिथल्या भाषांत सगळ्यात जास्त टिकलेत. अमेरिकेचा जोसेफ ग्रीनबर्ग म्हणाला, छे, जिथे एकमेकींपासून सगळ्यात लांब गेलेल्या भाषा थोड्याशा जागेत दाटीवाटीने सापडतात तिथेच त्या सगळ्यात जास्त काळ राहिलेल्या असणार. आपल्याकडे बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, कॅमेरूनच्या त्या डोंगरांत ती बारा कोससुद्धा थांबत नाही, एका देशात अडीचशेच्या वर भाषा. उलट खाली दक्षिणेत झुलू आणि खोसा शेकडो किलोमीटर पसरलेत तरी एकमेकांचं बरंचसं कळतं. शेवटी ग्रीनबर्गचंच बरोबर ठरलं, नंतर डीएनएवाल्यांनीही तिकडेच बोट दाखवलं.

लोक तिथून निघाले ते साधारण चार-पाच हजार वर्षांपूर्वी, आणि महत्त्वाचं म्हणजे निघताना लोखंड नव्हतं त्यांच्याकडे! घासून धार लावलेल्या दगडी कुऱ्हाडी, मातीची मडकी, सुरणासारखे कंद म्हणजे याम, आणि तेलाचा ताड, एवढ्यावर निघालेली ही माणसं. लोखंड त्यांच्या हातात आलं ते पुष्कळ नंतर, इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या हजार वर्षांत. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी उरेवे नावाच्या घडणीची मडकी आणि लोखंड गाळायच्या भट्ट्या सापडतात त्या याच काळातल्या. म्हणजे लेखातले लोखंडी भाले निम्म्या प्रवासानंतरचे.

मध्ये काँगोचं जंगल आडवं. त्या जंगलात गुरं जगत नाहीत, त्सेत्से माशी चावून मारते त्यांना (त्सेत्से हा शब्दही बांटूच, त्स्वाना भाषेतला). ज्वारी-बाजरीला ऊन लागतं, ते तिथे मिळत नाही. मग ओलांडलं कसं? तर अडीच हजार वर्षांपूर्वीच्या सुमाराला हवा कोरडी झाली, जंगलाला मध्ये भेगा पडल्या, सांघा नदीच्या बाजूने गवताळ पट्टा उघडला, आणि लोक त्या वाटेने खाली सरकले. २०१५ साली भाषांची वंशावळ कॉम्प्युटरवर मांडून अभ्यासकांनी हे दाखवलं की लोक शक्यतो ओळखीच्या गवताळ पट्ट्यानेच गेले आणि जंगलात शिरावं लागलं तिथे वेग मंदावला. यात मला काही आश्चर्य वाटत नाही, कोकणातला माणूस नोकरीसाठी गेला तरी भात आणि मासळी कुठे मिळते ते आधी बघतो.

वेगाचा हिशेब मी स्वतः मांडला, जित्याची खोड. कॅमेरून ते डर्बन सरळ रेषेत चार हजार किलोमीटरच्या वर, आणि शेती करणारे बांटू भाषक क्वाझुलू-नाताळच्या किनाऱ्याला पोचले इ.स. ३०० ते ४०० च्या सुमारास. म्हणजे पाच हजार वर्षांपूर्वीची सुरुवात धरली तर तीन हजारांहून जास्त वर्षं, वर्षाला सरासरी सव्वा ते दीड किलोमीटर. याला आक्रमण म्हणतात का? मुलाने लग्न झाल्यावर बापाच्या शेताच्या पलीकडे नवीन रान मोडलं, त्याच्या मुलाने त्याच्या पलीकडे, दोन-चार वर्षांत जमीन थकली की पुढे. ज्याने प्रवास केला त्याला आपण प्रवास करतोय हे कळलंही नसेल. आणि सरळ बाणासारखं पुढेच गेले असंही नाही. काँगोच्या जंगलातल्या ७२६ ठिकाणांच्या ११४९ रेडिओकार्बन तारखा (जुन्या कोळशावरून वगैरे वय काढतात त्या) एकत्र करून २०२१ मध्ये एक अभ्यास आला, त्यात दिसलं की इ.स. ४०० ते ६०० च्या दरम्यान तिथली वस्ती एकदम कोसळली, आणि पुन्हा भरायला पुढे कित्येक शतकं लागली. म्हणजे आज तिथे जे राहतात ते पहिल्या खेपेतल्यांचेच वंशज असतील असं धरून चालता येत नाही. लाल बाणात हे कुठे दाखवणार?

आता भाषेचं सांगतो, हे मी स्वतः अनुभवलेलं. टांगाहून ब्लँटायरला बदली झाली तेव्हा वाटलं आता नव्याने श्रीगणेशा. पहिल्याच आठवड्यात पाऊस पडला आणि स्टोअरमधला माणूस म्हणाला "म्वुला". स्वाहिलीत पाऊस म्हणजे म्वुआ. मग भूक, स्वाहिलीत न्जा, इथे न्जाला. डोक्यात एकदम ट्यूब पेटली, टांगाची भाषा मधला "ल" गिळते! पुढे वाचलं तर झुलूतही पाऊस इम्वुला आणि भूक इंड्लाला, "ल" शाबूत. तीनला टांगात टाटू, मलावीतही तेच मूळ, झुलूतही तेच, फक्त थोडा थ लागतो. मांस न्यामा सगळीकडे. महिन्याभरात बाजारात भाव करायला लागलो मी, आणि ही माझी हुशारी नव्हे, एकाच घरातून निघालेल्या भावंडांची तोंडं सारखी असतात तसलं हे.

व्याकरण तर काय सुंदर आहे! आपल्याकडे तीन लिंगं, मोठा आंबा पडला, मोठी कैरी पडली, मोठं फळ पडलं, असं शब्दाचं शेपूट जुळवावं लागतं. त्यांच्याकडे लिंग नाही, वर्ग आहेत, काही भाषांत पंधरा-सोळाच्या वर, आणि जुळवायचं ते डोकं. स्वाहिलीत किटाबू म्हणजे पुस्तक. मोठं पुस्तक पडलं म्हणजे किटाबू किकुब्वा किमेआंगुका, पुस्तकं पडली तर विटाबू विकुब्वा विमेआंगुका. गंमत म्हणजे किटाबू हा मूळचा अरबी किताब! त्यातला "कि" हा मुळाचाच भाग, पण स्वाहिली कानाला तो आपल्या "कि-वि" वर्गातला वाटला आणि अनेकवचन विटाबू करून मोकळे. ब्रिटिशांनी चौकातल्या गोल बेटांवर डावीकडून जा अशा पाट्या लावल्या, कीप लेफ्ट, त्याचं झालं किपिलेफ्टी आणि अनेकवचन विपिलेफ्टी. आपली गाडी तिकडे गेली ती गारी, अनेक गाड्या म्हणजे मागारी. विम्याला बिमा, लाखाला लाकी, आणि कोशिंबिरीला काचुंबारी म्हणतात, पहिल्यांदा हॉटेलात ऐकलं तेव्हा कुणी गुज्जू मालक असेल असं वाटलं, पण मालक पक्का स्थानिक होता.

जी भाषा परक्या शब्दाला इतक्या सहज घरात घेते ती बोलणारे लोक नुसते हाकलत-मारत सुटले असतील का? खोसा भाषेचं उदाहरण घ्या, खोसा हे नावसुद्धा जसं लिहितो तसं नाही उच्चारत, घोडा हाकताना आपण जिभेने गालाकडे टक् असा आवाज काढतो ना, तो आवाज त्या नावाच्या सुरुवातीला आहे. कीव करताना आपण च्च् च्च् करतो तोही त्यांच्याकडे व्यंजन म्हणून आहे. हे आवाज मूळच्या बांटूत नव्हतेच, ते आले खोइखोई आणि सान लोकांकडून, म्हणजे ज्यांना लेखात हुसकावून लावलंय त्यांच्याकडूनच! मेंढीला खोसात इगुशा म्हणतात तो शब्द खोइखोईंचा, देवाला उथिक्सो म्हणतात तोही त्यांच्याचकडचा. देवाचं नाव माणूस कुणाकडून घेईल? आवाज शिरले कसे याबद्दल एक म्हणणं आहे ते मराठी बाईला लगेच पटेल. झुलू-खोसांमध्ये सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, इतकंच नाही तर त्या नावातलं अक्षर असलेले दुसरे शब्दही टाळायचे, याला ह्लोनिफा म्हणतात. मग शब्दातलं एक अक्षर बदलायचं, आणि तिथे तो टक् आवाज घालणं सोयीचं पडलं. माझी आजी आजोबांचं नाव घ्यायची नाही, उखाण्यातच काय ते, पण तिने त्यापायी मराठीची व्यंजनं बदलली नाहीत एवढंच.

डीएनएही थोडंफार हेच सांगतं. २०२३ च्या शेवटी नेचरमध्ये एक मोठा अभ्यास आला, १७६३ माणसं तपासलेली, त्यातले १५२६ बांटू भाषक, १४ देशांतल्या १४७ समूहांतले, त्यात दिसलं की पश्चिमेतून जसजसं लांब जावं तसतशी जनुकीय विविधता कमी होत जाते. म्हणजे माणसंच चालत गेली, नुसती भाषा तोंडातोंडी पसरली नाही, इथे लेखकाचं बरोबर आहे, तेवढं श्रेय देतो. पण वाटेत भेटलेल्यांची भर प्रत्येक ठिकाणी वेगळी. दक्षिणेत खोइसान रक्त बरंच मिसळलेलं, आणि ते बापाकडून कमी आणि आईकडून जास्त, म्हणजे संसार झाले, पण कुणाच्या मर्जीने झाले हे डीएनए सांगत नाही. उलट माझ्या मलावीत मिसळण जवळपास शून्य. २०१७ मध्ये तिथे शिकार करून जगणाऱ्या मूळच्या लोकांच्या हजारो वर्षं जुन्या हाडांचा डीएनए काढला, तर त्या शिकाऱ्यांचा अंश आजच्या मलावीच्या लोकांत जवळजवळ सापडतच नाही. आठवणीत मात्र आहेत. तिकडे अकाफुला म्हणून ठेंगण्या माणसांच्या गोष्टी सांगतात, ती रानात अचानक समोर येऊन विचारायची, म्वांदिओनेरापाती, मला कुठून पाहिलंस? खूप लांबून पाहिलं, असं सांगायचं म्हणजे आपण उंच दिसलो म्हणून ती खूश, इथेच दिसलास म्हणालात तर बाण! ही गोष्ट मी आमच्या वॉचमनकडून ऐकली तेव्हा हसलो होतो, हाडांचं वाचल्यावर तितकं हसू आलं नाही.

आता मी एवढा का चिडलो ते सांगतो. बांटू आले आणि हुसकावलं, ही गोष्ट नुसती जुनी चूक नाही, ती मुद्दाम वापरली गेलीय. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांच्या राजवटीत शाळेत शिकवायचे की काळे लोक उत्तरेतून आले साधारण त्याच सुमाराला जेव्हा १६५२ मध्ये डचांचा व्हान रिबेक केपला उतरला, म्हणजे दोघेही उपरे, जमीन रिकामीच होती. धडधडीत खोटं. लायडेनबर्गला भाजक्या मातीची सात मुंडकी सापडली ती इ.स. ५०० च्या आसपासची. लिंपोपो काठचं मापुंगुब्वे, सोन्याच्या पत्र्याचा छोटा गेंडा मिळाला ते, तेराव्या शतकातलं. १५५० च्या दशकात कोचीनहून मिरी भरून निघालेली पोर्तुगीज जहाजं दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर फुटली, वाचलेले खलाशी पायपीट करत उत्तरेला निघाले, त्यांच्या हकिगतीत गुरं राखणारी, शेती करणारी काळी माणसं जागोजाग भेटतात. ग्रेट झिंबाब्वेच्या दगडी भिंती तर शोनांच्या पूर्वजांनी बांधल्या हे मॅकआयव्हरने १९०५ मध्ये आणि केटन-थॉम्पसन बाईंनी १९२९ मध्ये खणून दाखवलं, तरी ऱ्होडेशियात (म्हणजे आजच्या झिंबाब्वेत) फिनिशियन आणि शेबाच्या राणीच्याच गोष्टी चालू. आणि बांटू हा शब्द? माणसं एवढा साधा अर्थ असलेला शब्द सरकारी फॉर्मवर शिक्का म्हणून बसवला, १९५३ चा बांटू एज्युकेशन ॲक्ट आणून काळ्या मुलांना मुद्दाम कमी शिकवायची सोय केली, काळ्यांना वेगळं ठेवायला बांटुस्तान नावाचे प्रदेश काढले. म्हणून दक्षिण आफ्रिकेत आजही कुणाला तोंडावर बांटू म्हणालात तर ती शिवी होते. भाषेबद्दल बोलताना चालतं, माणसाबद्दल नाही.

जाता जाता आपल्याकडचं एक. लेखाच्या चौकटीत जंजिऱ्याचे सिद्दी आणि मलिक अंबर हेही बांटू म्हणून टाकलेत. मलिक अंबर इथिओपियाचा, हबशी शब्दच मुळी अबिसीनियावरून आलेला, आणि तिकडच्या भाषांचं कूळ बांटू नव्हे. पण बांटूशी खरं नातं सांगणारे सिद्दी आपल्याजवळ आहेत ते लेखकाला दिसलेच नाहीत. कारवारच्या वरच्या जंगलपट्टीतले सिद्दी कोंकणी बोलतात, काही मराठी, त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलेले, आणि २०११ च्या जनुकीय अभ्यासात कर्नाटक-गुजरातच्या सिद्दींचा आफ्रिकी वारसा बांटू भाषकांशी जुळला. गुजरातचे सिद्दी ढोल वाजवून जो गोमा नाच करतात तो गोमा म्हणजे न्गोमा, ढोल. टांगात रोज संध्याकाळी ऐकायचो मी तो शब्द. आणि वस्तू उलट्या दिशेनेही गेल्या, आपल्या चौलला सापडलेल्या काचमण्यांची घडण पूर्व आफ्रिकेत सापडलेल्या मण्यांशी जुळते असं रसायन तपासणाऱ्यांनी दाखवलंय. यावर लेख छापा ना एखादा!

पत्र लांबलं याची कल्पना आहे, कापून छापलंत तरी हरकत नाही, फक्त फोटोची ओळ तेवढी दुरुस्त करा. मसाई, केनिया-टांझानिया, भाषा मा. आधीच्या ओळीपेक्षा जागाही कमी लागेल.

कळावे,
आपला एक जुना वाचक,
डोंबिवली (पूर्व)